एकतिसावा निरोगी

बिल्डिंगमध्ये तिला डोकेबाई म्हणत. तोंडावर नव्हते म्हणत, पण जिन्यात बोललेलं तिसऱ्या मजल्यावर ऐकू यायचं, त्यामुळे तिला ते ठाऊक होतं आणि त्याचा रागही नव्हता. सुरुवातीला लोक तिच्याकडे आपापली डोकी घेऊन यायचे. खालच्या काकूंची अर्धशिशी, कुणाच्या सासऱ्यांचा विसराळूपणा, कुणाच्या मुलाचं गणित. ती सांगायची, काकू, मी डॉक्टर होणार आहे, पण गोळ्या देणारी डॉक्टर नाही. मग कसली गं, असं काकू विचारायच्या. माणसाचं मन आजारी पडतं तेव्हा मेंदूत नेमकं काय बदलतं ते शोधणारी, असं तिने सांगितलं की काकू म्हणायच्या, म्हणजे बिघाड सापडणार, दुरुस्ती नाही. काकूंनी एका वाक्यात सांगितलेलं तिच्या विभागाला वार्षिक अहवालाच्या चाळीस पानांत कबूल करता येत नव्हतं.

या विषयात ती आली तीही काही कुणाचं दुःख बघून वगैरे नाही. उगाच खोटं कशाला सांगा. तिने अर्ज केला होता पिकांवरच्या बुरशीसाठी. तिथल्या जागा भरल्या, इकडे मनोविकारांच्या मेंदूविज्ञानात एक जागा उरली होती, आणि घरी बसण्यापेक्षा बुरशी नाही तर डोकं, म्हणून ती आली. आली आणि अडकली. पाच वर्षं झाली तरी सुटायचं नाव नाही.

तिचा अभ्यास होता आवाज ऐकणाऱ्या माणसांचा. समोर कुणी नसताना कुणीतरी बोलतं, नावं ठेवतं, हुकूम सोडतं, अशी माणसं. त्यांना हॉस्पिटलच्या मोठ्या मशीनमध्ये झोपवून मेंदूचे फोटो काढायचे. फोटो म्हणजे कापलेल्या पावासारखे पातळ पातळ काप, एकेका डोक्याचे दोनशेच्या वर. त्यात खोल आत करंगळीएवढा एक भाग असतो. तो दिसेल त्या प्रत्येक कापावर त्याच्या कडेकडेने माऊसने रेघ ओढायची आणि सगळ्या कापांचं मिळून त्याचं आकारमान काढायचं. एका डोक्याला सहा तास लागत. कुणाचं डोकं कुठलं ते मुद्दाम लपवलेलं असायचं, नुसता नंबर, म्हणजे आजारी आहे असं कळून हात आपोआप आत वळून तो भाग लहान निघायला नको. चाळीस आजारी आणि चाळीस निरोगी. दोन्हींमध्ये फरक दिसतो का, एवढाच प्रश्न. ऐकायला सोपा वाटतो ना? तिच्या डोळ्यांना चष्मा लागला त्यापायी.

आता यात गंमत अशी की आजारी माणसं मिळत. ती हॉस्पिटलातच असतात बिचारी. निरोगी मिळत नसत. ज्याचं डोकं ठिकाणावर आहे तो शनिवारी दुपारी त्या धडधडणाऱ्या नळकांड्यात तासभर निपचित पडायला कशाला येईल? म्हणून विभागात एक रीत पडली होती: ज्याचे निरोगी त्याने आणायचे. कुणी मेव्हणा आणायचं, कुणी घरमालक. कॅन्टीनवाला तर तीन अभ्यासांत निरोगी होता, आणि त्याचा त्याला एवढा अभिमान की चहात साखर कमी पडली असं कुणी म्हटलं तर तो म्हणे, माझं डोकं तीनदा तपासलंय, तुमचं बघा. या रीतीला एकच कुंपण घातलेलं होतं. मशीनमध्ये जाण्याआधी बेचाळीस प्रश्नांचा एक कागद भरायचा असे, आणि आपल्या नात्यातल्या माणसाला ते प्रश्न आपण विचारायचे नाहीत, दुसऱ्याने विचारायचे. कुंपण शहाण्या माणसांनी घातलेलं होतं. मोडणारेही शहाणेच होते.

घरी तिघं. वडील शाळेच्या दिवसांतच गेले. आईचं कोपऱ्यावर दुरुस्तीचं दुकान, पँटी आखूड करणं, चेन बदलणं, उसवलेलं शिवणं. तोंडात टाचण्या धरायची सवय, त्यामुळे तिचं निम्मं बोलणं 'हं' मध्ये चालायचं आणि घरच्यांना त्या हंमधला राग, होकार, कौतुक सगळं वेगवेगळं कळायचं. आणि हिच्यापेक्षा पाच वर्षांनी लहान भाऊ, धाकटा. तो चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत काचा घासायचा. हात इतका नेमका की दुकानदार बाहेरगावचं कठीण काम त्याच्यासाठी राखून ठेवायचा. बोलायला कमी, हसायला बरा. ताईवर त्याचा जीव, आणि जीव म्हणण्यापेक्षाही भरवसा. ताई म्हणेल ती पूर्व दिशा. लहानपणी तिने एकदा त्याला सांगितलं की साबण गिळला की पोटात फेस होऊन माणूस तरंगतो, तर हा पठ्ठ्या खरंच चाखायला गेला होता.

तर त्या शनिवारी काय झालं ते ऐका. दोन ते तीनची वेळ तिला मिळालेली. हॉस्पिटलचं मशीन, आठवड्यातून मोजके तास संशोधनाला. ठरलेला निरोगी होता एक बँकेतला कारकून. त्याने साडेबाराला फोन करून सांगितलं की दाढ काढलीय, तोंड उघडत नाही, येत नाही. वेळ फुकट गेली तर पुढच्या महिन्यात हॉस्पिटल एक शनिवार कापणार, आणि विभागातल्या बाई, म्हणजे तिच्या मार्गदर्शक, शब्दही न बोलता चष्म्यावरून बघणार. बाईंचं ते बघणं शंभर शिव्यांच्या बरोबरीचं. तिने धाकट्याला दुकानात फोन लावला. तो ताबडतोब निघाला. त्याला निघायला एवढी घाई का, हे तिने मनाशीही विचारलं नाही.

तो पोहोचला तेव्हा दीड वाजून गेला होता. कागद भरून घेणारी मैत्रीण तापाने घरी. मशीनवाले काका आत बसून जेवत होते. मग हिनेच पेन घेतलं. आपल्याच भावाला 'आपल्याला कधी फिट आली आहे का, आपण नियमित मद्यपान करता का' असं विचारताना दोघांनाही हसू आवरेना. 'आपल्याला' म्हटल्यावर तो मागे वळून बघायचा, दुसरं कुणी आलंय का म्हणून. असं करत करत सतरावा प्रश्न आला. गेल्या वर्षभरात, आजूबाजूला कुणी नसताना, कुणी बोलल्याचा किंवा हाक मारल्याचा आवाज आपल्याला आला आहे का?

धाकट्याचं हसू थांबलं. त्याने बुटांकडे बघितलं. मग म्हणाला, "कधी कधी."

घड्याळात दोनला दहा कमी होते.

"झोप लागता लागता ना?" ती म्हणाली. "ते सगळ्यांनाच होतं रे. ते धरत नाहीत."

आणि हे खरंच आहे बरं का. झोपेच्या उंबरठ्यावर ऐकू आलेलं धरायचं नाही, असं त्या कागदाच्या मागे बारीक अक्षरात छापलेलं असतं. दुसरा कुणी प्रश्न विचारत असता तर त्याला ते माहीतही नसतं. त्याने पुढे चार प्रश्न विचारले असते. हिला माहीत होतं, म्हणून हिने विचारलं नाही. धाकट्याने झोपेचं नावही काढलेलं नव्हतं. तिने ते त्याच्या तोंडात घातलं, तो 'हं' म्हणाला, आईसारखा, आणि तिने 'नाही'च्या चौकोनात बरोबरची खूण केली. दोन वाजता तो मशीनमध्ये गेला. निरोगी क्रमांक एकतीस.

त्यानंतर दीड वर्ष गेलं, आणि त्या दीड वर्षाचा विचार आला की आजही तिला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटतं. काय काय तिच्या नाकासमोर घडत होतं! धाकटा घरी आला की पंखा शेवटच्या आकड्यावर लावायचा, थंडीतसुद्धा. मोरीतला नळ सोडून ठेवायचा. रेडिओ दोन स्टेशनांच्या मधे, नुसती खरखर. आई पाण्यावरून ओरडायची. दुकानदार सांगायला आला की पोराचं लक्ष नाही, गिऱ्हाईक आपल्याबद्दल बोलतात म्हणतो, मागच्या आठवड्यात दोन काचा फुटल्या. आई म्हणाली प्रेमात पडला असेल. आणि ही काय करत होती? ही आतल्या खोलीत प्रबंधाचं दुसरं प्रकरण लिहीत होती. आवाज ऐकणारी माणसं ते आवाज दडपायला काय काय करतात, यावर. मोठ्याने रेडिओ लावतात, पाणी वाहतं ठेवतात, अशी वाक्यं ती हाताने लिहीत होती, आणि मधेच उठून दारातून ओरडत होती की रेडिओ बंद कर रे, मला लिहू दे. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो असा.

मग एका दुपारी धाकटा शेजारच्या घराचं दार वाजवायला लागला. भिंतीतून माझ्याबद्दल बोलू नका, एवढंच तो म्हणत होता, अगदी अदबीने, पण दार सोडत नव्हता. त्या घराला महिनाभर कुलूप होतं. कुणी राहतच नव्हतं तिथे. वॉचमनने आईला बोलावलं, आईने हिला. ती जिना चढून वर आली, तिने त्याला त्या कुलपाशी बोलताना बघितलं, आणि तिला एका क्षणात सगळं कळलं. पंखा, नळ, रेडिओ, काचा. आणि पाठोपाठ तो चौकोन आठवला.

आता इथे खरी गोष्ट सुरू होते, कारण चूक काय, माणसाच्या हातून होते. चूक झाल्यावर माणूस काय करतो ते बघायचं.

हॉस्पिटलातले डॉक्टर वयस्कर, शांत, समोरच्याचं बोलणं पुरतं संपेपर्यंत पेन न उचलणारे. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो हाच, कधीपासून? धाकटा खाली बघत होता. आई म्हणाली, दुकानदाराची तक्रार आली तेव्हापासून, तीन महिने. डॉक्टरांनी हिच्याकडे वळून विचारलं, तुम्ही तर यातल्याच आहात, तुम्हाला काय वाटतं? बरं, या प्रश्नाचं वजन तिच्याइतकं त्या खोलीत डॉक्टर सोडून कुणाला ठाऊक नव्हतं. सहा महिन्यांच्या आतलं असेल तर आजाराला एक नाव देतात, त्यापलीकडचं असेल तर दुसरं. औषध किती दिवस द्यायचं, कधी उतरवायचं, सगळं त्यावर. नव्या विद्यार्थ्यांना ती स्वतः हे फळ्यावर आकृती काढून शिकवायची. तीच आता त्या खुर्चीत बसून म्हणाली, "हो. तीन महिनेच."

का म्हणाली? आई शेजारी होती म्हणून. डॉक्टर विभागातल्या बाईंना ओळखत होते म्हणून. पाच वर्षांची मेहनत एका खुणेवरून खाली येईल असं वाटलं म्हणून. आणि खरं सांगायचं तर लाज वाटली म्हणून. बाकीची कारणं तिने नंतर जुळवली.

गोळ्या सुरू झाल्या. धाकटा आधी झोपून राहायला लागला, मग जाडजूड झाला, मग हळूहळू माणसांत यायला लागला. नळ बंद झाला. आई दुकानात त्याला शेजारी बसवायची, बटणं लावायला द्यायची. तो मन लावून लावायचा. बिल्डिंगमध्ये लोक म्हणायचे, नशीब घरातच डोक्याची डॉक्टर आहे, वेळेवर कळलं. खालच्या काकूंनी तर तिला जिन्यात थांबवून पाठीवरून हात फिरवला. ती कशीबशी हसली, वर गेली आणि दार लावून रडली. चोराच्या मनात चांदणं म्हणतात. तिच्या मनात तर पौर्णिमाच होती बारा महिने. कुणी नुसतं 'वेळेवर' म्हटलं तरी तिला टोमणा वाटायचा. आई ताटात वाढताना म्हणायची, तू होतीस म्हणून गं, आणि ही ताट अर्धं ठेवून उठायची.

मग तिने भित्रा माणूस करतो ते केलं. भावाला सांगायच्या ऐवजी आकडे साफ करायला घेतले. एकतीस नंबर निरोग्यांच्या यादीत ठेवणं चूक आहे, तो काढायचा. रजिस्टरमध्ये काढण्याचं कारण लिहावं लागतं. तिने लिहिलं: मशीनमध्ये हालचाल जास्त. मग एकोणचाळीस निरोग्यांवर सगळा हिशेब पुन्हा केला. तिला वाटत होतं निकाल कोसळेल, आणि कुठेतरी तिला तो कोसळायला हवाही होता, म्हणजे शिक्षा झाल्यासारखं वाटलं असतं. निकाल जागचा हलला नाही. दुसऱ्या दशांशातसुद्धा फरक नाही. धाकट्याचं डोकं त्या अभ्यासात असलं काय आणि नसलं काय, सारखंच होतं. ज्या एका तासासाठी तिने त्याचं म्हणणं दाबलं, त्या तासाची कुणाला गरजच नव्हती.

चार दिवसांनी बाईंनी बोलावलं. रजिस्टर उघडं होतं. बाईंनी चष्म्यावरून बघितलं नाही, चष्मा काढूनच ठेवला होता. म्हणाल्या, "मी फाईल पाहिली. आख्ख्या ऐंशीत याची हालचाल सगळ्यांत कमी आहे."

तिने सगळं सांगून टाकलं. कागद, सतरावा प्रश्न, तापाने घरी राहिलेली मैत्रीण, डॉक्टरांपुढचं खोटं. बोलताना रडू आलं, बोलणं थांबलं, पुन्हा सुरू झालं. शेवटी बाईंनी टेबलावरचा पाण्याचा ग्लास तिच्याकडे सरकवला आणि सांगितलं की रजिस्टरातलं कारण खोडून खरं लिही, प्रबंधातही लिही, परीक्षक काय म्हणतील ते मी बघते. तिला वाटलं, सुटले. तेवढ्यात बाई म्हणाल्या, "पण हे मला सांगून काय उपयोग? मी काही त्याची डॉक्टर नाही."

तरीही तिने तीन आठवडे काढले. उद्या सांगते, आई घरी नसताना सांगते, त्याचा मूड बघून सांगते. पहिले आठ दिवस प्रबंधाचं निमित्त, पुढचे आठ आईच्या गुडघ्याचं. निमित्ताला काय तोटा? एकदा तर तो समोर बसून शर्टाला बटण लावत होता, घरात दोघंच, आणि तिने तोंड उघडून विचारलं काय तर चहा घेणार का.

अखेर तपासणीची तारीख आली. तिघं डॉक्टरांसमोर बसली. खोली तीच, लाकडी टेबल, कोपऱ्यात वजनकाटा, खिडकीबाहेर रुग्णवाहिका उभी करायची जागा. डॉक्टरांनी धाकट्याला चार गोष्टी विचारल्या, त्याने नीट उत्तरं दिली. डॉक्टर खूश झाले. म्हणाले, गुण छान आहे, मुळात तीनच महिन्यांचं होतं, लवकर आलात, तेव्हा आता गोळी हळूहळू उतरवू आणि दोन-तीन महिन्यांत बंद करू. आईने पदराने डोळे पुसले. धाकट्याने हाताची घडी सोडली. डॉक्टरांनी पेन उचललं.

तिला ठाऊक होतं. जुन्या आजाराची गोळी अशी लवकर काढली की काय होतं, ते तिच्या पहिल्या प्रकरणात होतं, आकड्यांसकट. तो पुन्हा त्या बंद दारासमोर उभा राहील. आणि त्या वेळी लोक म्हणणार नाहीत की वेळेवर कळलं.

"डॉक्टर, लिहू नका," ती म्हणाली. "तीन महिने नव्हतं ते. आम्ही आलो तेव्हाच दीड वर्ष होऊन गेलं होतं. मला माहीत होतं. याने मला सांगितलं होतं, आणि मी कागदावर 'नाही' लिहिलं."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. आई तिच्याकडे बघायला लागली. आईच्या तोंडात टाचण्या नव्हत्या, तरी तिला शब्द सापडेना. मग ती एवढंच म्हणाली, "तुला सांगितलं होतं?" त्यात ओरडणं नव्हतं. ओरडली असती तर बरं झालं असतं.

मग तिने भावाकडे बघितलं. सहा महिने ती या क्षणाला भीत होती. तो चिडेल, उठून जाईल, रडेल, काहीही करेल, सगळ्याची तिने तयारी केली होती. तो मात्र गोंधळून गेला होता.

"कसला कागद?" त्याने विचारलं.

तिने सतरावा प्रश्न सांगितला. तो काय म्हणाला, ती काय म्हणाली, शब्दन् शब्द. तो आठवायचा प्रयत्न करत होता, कपाळाला आठ्या घालून. शेवटी त्याने मान हलवली.

"ते नाही माझ्या लक्षात," तो म्हणाला. "मी कागदासाठी आलोच नव्हतो गं. तुझा फोन आला ना, मला इतकं बरं वाटलं. म्हटलं, सुटलो. आता तोंडाने सांगायला नको, मशीनला दिसेल, ताईला कळेल. मग तू मला बाहेर काढलंस. मी विचारलं, काय दिसलं? तू म्हणालीस, झकास डोकं आहे तुझं, काही एक बिघाड नाही."

तिला आठवेना. काही केल्या आठवेना. पण ती तसं म्हणाली असणार यात तिला शंका नव्हती, कारण ती ते सगळ्यांनाच म्हणायची. कॅन्टीनवाल्याला, मेव्हण्यांना, घरमालकांना. तासभर निपचित पडून बाहेर आलेल्या माणसाला बरं वाटावं म्हणून विभागात सगळेच तसं म्हणायचे. फोटो तेव्हा कुणी उघडलेलेही नसायचे.

धाकटा सावकाश बोलत होता, गोळ्यांमुळे त्याचं बोलणं जरा जड झालं होतं. "मग मी विचार केला. डोक्यात बिघाड नाही. ताईने स्वतः बघितलंय. म्हणजे बोलणारी माणसं खरीच आहेत, आणि बोलतात तेही खरंच असणार. मग म्हटलं, त्यांना शोधायला पाहिजे."

सहा महिने तिने एका चौकोनाचं ओझं वाहिलं होतं, आणि त्याला तो चौकोन माहीतही नव्हता. त्याला ज्या वाक्याने बुडवलं ते तिच्या लेखी बोलणंसुद्धा नव्हतं.

"पण ताई," त्याने विचारलं, "मग मशीनला दिसलं कसं नाही?"

"एकट्या माणसाचं त्यात दिसत नाही रे," ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच ऐकू येत नव्हता. "चाळीस इकडचे, चाळीस तिकडचे, सगळ्यांची सरासरी काढली तर कुठे जरासा फरक दिसतो. एकाचा फोटो बघून कुणालाच सांगता येत नाही. मलाही नाही."

"हे तुला तेव्हा माहीत होतं?"

"होतं."

त्याने मान हलवली. चिडला नाही. चष्म्याची काच उजेडात धरून बघताना तो जसा शांत असायचा तसाच शांत होता. त्याने खुर्ची डॉक्टरांच्या बाजूला फिरवली, आणि त्याची पाठ तिच्याकडे झाली.

"डॉक्टर, यापुढे ते मला विचारा," तो म्हणाला. "हिला नको. दीड वर्षही नाही, त्याच्या आधीपासून आहे. लिहून घ्या, मी सांगतो."

डॉक्टरांनी नवीन कागद घेतला. धाकटा पहिल्या दिवसापासून सांगायला लागला. दुकानातली मागची खोली, घासायच्या चाकाचा आवाज, त्या आवाजाच्या आतून आलेली पहिली हाक, ती कुणाची वाटली, मग दुसरी कुणाची, ते काय म्हणत आणि तो त्यांना काय उत्तर देत असे. तो अर्धा तास बोलत होता. आई मधे मधे 'हं' म्हणत होती. ताई त्याच्या मागे बसून ऐकत राहिली, आणि त्यातली एकही गोष्ट तिला माहीत नव्हती.